डावा खांदा आणि उजवी बंदूक

आपल्या भाषेनें डाव्या हाताला कधींच बरें वागविलेलें नाहीं. एखाद्याला मुद्दाम मागें टाकावयाचें असलें म्हणजे आपण त्याला डावलतों. दोघांत जो सरस तो उजवा ठरतो. आणि काम अगदींच सोपें असलें तर तें डाव्या हाताचा मळ. पंगतींत मूल डाव्या हातानें घास घेऊं लागलें कीं आजीची नजर तिकडे वळलीच म्हणून समजावें. भाषेचा आणि पंगतीचा हा पक्षपात डावखुरा माणूस मुकाट्यानें सोशीत आला आहे, कारण त्यानें त्याचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. परंतु हाच पक्षपात लाकडांत कोरला आणि पोलादांत घडविला गेला, आणि तें पोलाद गालाशीं टेकवून त्याच्या पोटांत स्फोट घडवून आणावयाचा असला, म्हणजे प्रश्न शिष्टाचारापुरता राहात नाहीं. श्रोतेहो, आज मी ज्या प्रश्नाचा इतिहास आपणांस सांगणार आहें तो असा: डावखुऱ्या नेमबाजानें कोणती रायफल घ्यावी? रायफल म्हणजे येथें बोल्टची रायफल. जिच्या पाठीवरील पोलादी दांडी हातानें उचलून, मागें ओढून, पुन्हां पुढें सारून प्रत्येक काडतूस भरावें लागतें ती.

हा प्रश्न कोणी विचारावा, असें आपणांस वाटेल. पण तो आतां शहरांतल्या साध्या घरांतहि विचारला जातो. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकांत अंजली भागवत अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळविलें. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक जिंकलें. तेव्हांपासून पुण्यामुंबईच्या नेमबाजीच्या आखाड्यांत बारा-तेरा वर्षांचीं मुलेंमुली आईबापांचें बोट धरून येऊं लागलीं आहेत. दहा माणसांत सुमारें एक डावखुरा, असें जगांतील साधारण प्रमाण आहे; तेव्हां या मुलांतहि कांहीं डावखुरीं असावयाचींच. अशा मुलाच्या हातीं आखाड्यांतील जी रायफल दिली जाते तिचा बोल्ट बहुधा उजवीकडे असतो, आणि बाप संकोचानें कांहीं विचारूं लागला तर उत्तर मिळतें, "होईल संवय!" या दोन शब्दांच्या उत्तरामागें पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची वाट आपल्या घोडेगांवावरून जाते.

पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जुन्नरच्या दक्षिणेला, घोड नदीच्या काठीं घोडेगांव आहे. आंबेगांव तालुक्याची कचेरी येथेंच असते. पश्चिमेकडे भीमाशंकरचे डोंगर आणि त्या डोंगरांत महादेव कोळ्यांच्या वाड्या. जुन्या इंग्रजी कागदांत गांवाचें नांव नुसतें 'घोडें' असें येतें. बंदुकीचा बार पाडणाऱ्या हातोडीलाहि मराठींत घोडाच म्हणतात, हा अर्थात् निव्वळ योगायोग. १८३९ सालीं भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे या तिघांच्या पुढारीपणाखालीं या डोंगरांतील कोळी उठले. पेशव्यांच्या नांवानें आपण राज्यकारभार हातीं घेत आहों, असें त्यांनीं जाहीर केलें. आणि सुमारें दीडशें लोकांनीं घोडेगांवची महालकऱ्याची कचेरी वेढली. असिस्टंट कलेक्टर रोझ हा शिपाई व गांवकरी गोळा करून तेथें धांवला आणि त्यानें ती कचेरी रात्रभर लढविली. उठाव मोडला, पुढाऱ्यांना व त्यांच्या साथीदारांना शिक्षा झाल्या. मला आज या प्रसंगाचा राजकीय भाग सांगावयाचा नाहीं. त्या काळीं या डोंगरपट्टींत जी बंदूक चाले ती कशी होती, इकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे.

ती होती तोड्याची बंदूक. लांबच लांब नळी, सडपातळ दस्ता, आणि दस्त्याच्या मध्यावरील चिरेंत बसविलेली एक वांकडी पट्टी. त्या पट्टीच्या टोंकाशीं चिमट्यांत पेटती जामगी धरलेली असे. चाप दाबला कीं पट्टी खालीं येई आणि जामगी नळीच्या अंगाला असलेल्या एका चिमुकल्या वाटींतील रंजकाला भिडे. रंजक भडके, त्याची आग बारीक कान्यावाटे नळींत शिरे आणि बार होई. आतां ही रंजकाची वाटी नळीच्या कोणत्या अंगाला? उजव्या. आणि येथेंच आपल्या गोष्टीला आरंभ होतो. बंदूक उजव्या खांद्याला लावणाराचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. भडका पलीकडच्या अंगाला उडतो आणि मध्यें नळीचा आडोसा राहतो. डाव्या खांद्याला लावणाराचा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला येतो, म्हणजे थेट भडक्याच्या शेजारीं. आपण एखादी काठी दोन्ही खांद्यांना आळीपाळीनें लावून पहा, म्हणजे मी काय म्हणतों तें तत्काळ ध्यानांत येईल. पापण्या होरपळणें, डोळ्यांत ठिणगी जाणें, हें डावखुऱ्याच्या वांट्याचें.

तरी त्या काळांत एक सोय होती. तोड्याची बंदूक एकेका कारागिराच्या हातून एकेक करून निघत असे. एका गिऱ्हाइकासाठीं वाटी दुसऱ्या अंगाला काढावयाची झाली तर त्याला नवें यंत्र उभारावें लागत नव्हतें, फक्त कान्हा दुसरीकडे पाडावयाचा. गिऱ्हाईक आणि कारागीर समोरासमोर होते. ही सोय गेली ती कवाइतीमुळें आणि कारखान्यामुळें. पानिपतावर १७६१ मध्यें इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी हुकुमासरशीं एकदम बार करीत होत्या. पुढें महादजी शिंद्यांसाठीं द बॉयन यानें पलटणी उभारल्या, आणि त्यांना लागणाऱ्या चकमकी बंदुका आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखालीं तयार होऊं लागल्या. हजारों शिपायांनीं खांद्याला खांदा लावून उभें राहावयाचें, हुकुमाच्या एका शब्दाला एकच हालचाल करावयाची, तर बंदुका एकसारख्या हव्यात, काडतुसांची पेटी प्रत्येकाच्या एकाच कुशीला हवी आणि बंदूकहि एकाच खांद्याला. चकमकीच्या बंदुकींत गारेचा घोडा आणि रंजकाची वाटी हीं दोन्ही उजव्या अंगालाच राहिलीं. कवाइतींत डावा खांदा बसेना. डावखुऱ्याविरुद्ध कोणी कट केला होता असें नाहीं; तो मोजण्यांतच आला नाहीं.

याच घोडेगांव-जुन्नर-अकोल्याच्या डोंगरांतील माणसें या कवाइतींत कशीं आलीं, तें पाहण्यासारखें आहे. १८५७ च्या डिसेंबरांत, उत्तरेंत बंड पेटलें असतां, इंग्रज सरकारनें कॅप्टन नटॉल याच्या हाताखालीं कोळ्यांचीच एक पलटण उभी केली. अठरा वर्षांपूर्वीं ज्यांच्या भाऊबंदांनीं घोडेगांवची कचेरी वेढली होती, त्यांच्याच हातीं सरकारनें आतां आपली बंदूक दिली! बामळे घराण्यांतील जावजी नाईक हा पलटणीचा मुख्य झाला. सुमारें ६०० माणसें. १८५८ च्या जानेवारींत अहमदनगरला कवाइतीला सुरुवात. पोशाखाचें वर्णन सरकारी कागदांत मोठ्या हौसेनें दिलें आहे: गडद हिरवें पिळाचें मुंडासें, हिरव्या बनातीचा अंगरखा, गुडघ्यापर्यंत रक्तासारखें गडद तांबडें धोतर, काळ्या चामड्याचे पट्टे, चालण्यासाठीं वहाणा, आणि हातीं संगिनीची हलकी बंदूक. ही पलटण १८६१ च्या मार्चांत मोडण्यांत आली.

सहाशें माणसें, दहांत एक या हिशेबानें त्यांत साठ तरी डावखुरे असावेत. हा माझा केवळ अंकगणिताचा हिशेब आहे. त्या साठांपैकीं एकाचेंहि नांव कागदांत नाहीं, आणि असण्याचें कारणहि नाहीं. पण मनाशीं चित्र उभें करून पहा. डोंगरांत वाढलेला माणूस. कोयता, काठी, गोफण सारें डाव्या हातानें चालविणारा. त्याला कवाइतीच्या मैदानांत सांगण्यांत येतें कीं आजपासून खांदा उजवा, डोळा उजवा, चाप उजव्या बोटानें. कांहींजण निभावले असतील. कांहींचा नेम कायमचा बिघडला असेल, आणि 'हा माणूस नेमबाजींत मंद' असा शेरा बसला असेल.

पलटण मोडल्यावर डोंगरांत बंदूक राहिली ती ठासणीची. पुढच्या दशकांत सावकारीचा जाच वाढला, आणि आंबेगांवच्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला. तो १८७६ मध्यें पकडला गेला. दोन वर्षांनीं, १८७८ सालीं, लिटनसाहेबाचा हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. पीक राखण्यासाठीं ज्याला परवाना मिळे त्याच्या घरीं एकच बंदूक, आणि ती बापाकडून मुलाकडे जावयाची. अशा घरांत डावखुऱ्यानें 'मला कोणती सोईची' असें विचारणें म्हणजे दुष्काळांत पक्वान्नाची चौकशी करण्यासारखें. निवड हा शब्दच त्या काळच्या खेड्यांतून हद्दपार झाला. आपल्याकडे डावखुऱ्यासाठीं बंदूक घडविण्याची परंपरा कां निर्माण झाली नाहीं, याचें हें कारण मला हाताच्या शुभाशुभ कल्पनांपेक्षां अधिक खरें वाटतें.

इकडे युरोपांत मागून भरावयाच्या बंदुका आल्या. त्यांतील एकीचें नांव डावखुऱ्यानें कृतज्ञतेनें घ्यावें: मार्टिनी-हेन्री, इंग्रजी सैन्यांत १८७१ मध्यें दाखल झालेली. तिच्या चापाच्या मागें, दस्त्याखालीं, एक आंकडी असते. ती खालीं ओढली कीं आंतला पोलादी ठोकळा खालीं पडतो आणि रिकामें काडतूस मागच्या बाजूस बाहेर येतें. नवें वरून ठेवलें आणि आंकडी मिटली कीं बंदूक तयार. आंकडी मध्यभागीं असल्यानें तिला डावें-उजवें नाहीं. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षां एक पायरी जुनें हत्यार द्यावयाचें असें सरकारचें धोरण होतें. त्यामुळें गोऱ्यांना मॅगझिनची नवी रायफल मिळूं लागली तेव्हां हिंदी शिपायांच्या हातीं ही मार्टिनी आली. अविश्वासापोटीं मिळालेल्या या जुन्या बंदुकीनें हिंदी सैन्यांतील डावखुऱ्या शिपायाला थोडीं वर्षें तरी न्याय मिळावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! पुढें बी. एस. ए. कारखान्यानें याच पद्धतीच्या लहान नळीच्या निशाणाच्या रायफली बनविल्या, आणि क्लबांतील डावखुऱ्यांना त्यांचा मोठा आधार होता.

बोल्टची कल्पना मात्र निराळी. दाराला आंतून अडसर घालतों ना, तीच ही युक्ति. प्रशियाच्या सैन्यानें १८४१ मध्यें ड्रायझेची सुईची बंदूक स्वीकारली. १८७१ मध्यें जर्मनांनीं माउझरची घेतली. आणि स्कॉटलंडांत जन्मून कॅनडांत वाढलेल्या जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टवर व मॅगझिनवर १८८८ ची ली-मेटफर्ड आणि १८९५ ची ली-एन्फील्ड उभी राहिली. या साऱ्यांची दांडी उजवीकडे. कारण उघड आहे. उजव्या खांद्याच्या नेमबाजाचा डावा हात पुढें नळीचें ओझें पेलीत असतो. तो सोडला तर नळी खालीं येईल. चापावरचा उजवा हात मात्र बार झाल्यावर मोकळा असतो; त्यानें चार बोटें वर जाऊन दांडी उचलावी, ओढावी, सारावी, मिटावी आणि परत चापावर यावें. बंदूक खांद्यावरून हलत नाहीं, डोळा माशीवरून ढळत नाहीं. योजना इतकी सुरेख आहे कीं तिला नांव ठेवण्यास जागा नाहीं. फक्त ती आरशांत पाहिल्याप्रमाणें उलटी केल्याशिवाय डावखुऱ्याच्या उपयोगी पडत नाहीं.

१९१४ च्या शरदांत हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनी फ्रान्सच्या मार्सेय बंदरांत उतरल्या, तेव्हां त्यांच्या जुन्या रायफली घेऊन नव्या नमुन्याच्या आंखूड ली-एन्फील्ड त्यांना देण्यांत आल्या. मेसापोटेमियांत कूतच्या वेढ्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांची शरणागती १९१६ च्या २९ एप्रिलची. त्या काळच्या इंग्रजी सैन्यांत ३०० यार्डांवरील निशाणावर मिनिटाला पंधरा नेमके बार करण्याची परीक्षा असे. पंधरा बार म्हणजे दर चार सेकंदांस एक. एवढ्यांत दांडीच्या चार हालचाली, नेम आणि चाप, शिवाय मधून पांच-पांच काडतुसांची पट्टी मॅगझिनमध्यें रिचविणें. डाव्या खांद्याला रायफल लावणारानें हें कसें करावें? एक तर डावा हात चाप सोडून बंदुकीच्या पाठीवरून पलीकडे न्यावा, त्यासाठीं डोकें उचलावें, म्हणजे नेम मोडला. नाहीं तर बंदूक खांद्यावरून उतरवावी. शर्यत सुरू होण्यापूर्वींच हरलेली. यापेक्षां उजव्या खांद्याची संवय करून घेणें बरें, असें त्या पिढीच्या डावखुऱ्यानें ठरविलें असल्यास त्याला दोष देववत नाहीं. 'होईल संवय' हें उत्तर खंदकांत शहाणपणाचें होतें.

ली-एन्फील्डबद्दल एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं उजव्या बोल्टच्या रायफलींत डावखुऱ्याला त्यांतल्या त्यांत सोसवणारी हीच. तिचा दस्ता दोन्ही अंगांनीं सारखा, गालासाठीं एका बाजूस फुगवटा नाहीं. दांडी थोडीच उचलावी लागते. आणि सुरक्षेचा खटका डाव्या अंगाला आहे. बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यांत ही रायफल बनूं लागली. काडतुसांसाठीं तर आपल्या पुण्याजवळच खडकीला १८६९ पासून कारखाना होता. स्वातंत्र्यानंतरहि ही रायफल आपणांस सोडून गेली नाहीं; मुंबईच्या पोलिसांच्या हातीं ती २००८ च्या नोव्हेंबरांतल्या त्या रात्रींहि होती. सैन्याच्या मापाचें काडतूस खाजगी माणसाला वर्ज्य, म्हणून इच्छापूरला '३१५' मापाची एक निराळी रायफल नागरिकांसाठीं तयार होऊं लागली. परवानेदार शेतकऱ्याला परिचित असलेली ती हीच. तिचा सांगाडा ली-एन्फील्डचा, आणि दांडीहि अर्थातच उजवीकडे.

डाव्या बोल्टची रायफल जगांत कारखान्यांतून सर्रास कधीं निघूं लागली, हें ऐकून नवल वाटेल. तोंवर हौशी श्रीमंत शिकारी कुशल कारागिराकडून एखादी करवून घेत. पण सामान्य गिऱ्हाइकासाठीं ती मोठ्या प्रमाणावर काढली ती अमेरिकेंतील सॅव्हेज कारखान्यानें, १९५९ च्या सुमारास. म्हणजे बोल्टची रायफल जन्मल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं! याचें मर्म साधें आहे. शिपायाला बंदूक दिली जाते. शिकारी ती विकत घेतो. सरकारी कोठाराला दुसऱ्या बाजूचीं वेगळीं सुटीं अंगें ठेवणें परवडत नाहीं, दुकानदाराला मात्र दहावें गिऱ्हाईक हवें असतें. सैन्यानें शंभराहून अधिक वर्षांत जें केलें नाहीं तें बाजारानें केलें. आज जर्मनींतील आन्शुत्झ, वाल्थर आदि निशाणाच्या रायफली बनविणारे कारखाने डाव्या बोल्टचे नमुने नियमानें काढतात. आपल्याकडे शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें पूर्णविराम दिला. भीमाशंकरच्या रानांत आतां रायफल घेऊन हिंडणें नाहीं. तेव्हां निवडीचा प्रश्न राहतो तो निशाणाच्या रायफलीपुरता.

त्या निवडीसंबंधीं आतां माझें मत सांगतों. रायफल पाहण्यापूर्वीं मुलाचा डोळा पहावा. आपल्या दोन डोळ्यांपैकीं एक धनी असतो आणि दुसरा त्याचा मदतनीस. बसल्या जागींच हें पडताळून पहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरील घड्याळावर बोट रोखा. बोट तसेंच ठेवून डावा डोळा मिटा. बोट घड्याळावरच राहिलें तर आपला उजवा डोळा धनी. बोट एका बाजूस उडी मारल्यासारखें सरकलें तर डावा. सुमारें एकतृतीयांश माणसांत डावा डोळा धनी असतो, आणि हात व डोळा यांची बाजू नेहमीं जुळतेच असें नाहीं. डाव्या हातानें लिहिणारें मूल उजव्या डोळ्याचें निघालें, तर त्यानें उजव्या खांद्याला रायफल लावावी; त्याच्यापुरता प्रश्न सुटला, आणि आखाड्यांतील कोणतीहि रायफल त्याला चालेल. उलट, उजव्या हाताचें पण डाव्या डोळ्याचें मूल निघालें, तर एका डोळ्यापुढें लहानशी पट्टी लावून उजव्या खांद्यानें शिकवितां येतें. हात आणि डोळा दोन्ही डावे निघाले तर मात्र त्या मुलाला उजव्या खांद्यावर ढकलूं नये. डोळा मोडून हात वळविण्यांत वर्षें जातात, आणि जें मूल जात्या उत्तम झालें असतें तें मध्यम होऊन बसतें.

येथें कोणी हंगेरीच्या काराई टाकाच याचें उदाहरण पुढें करील. सैन्यांत असतां १९३८ मध्यें हातगोळा फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानें एकांतांत डाव्या हातानें सराव केला आणि १९४८ च्या लंडनच्या व १९५२ च्या हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत पिस्तुलाचें सुवर्णपदक पटकावलें. हात बदलतां येतो, हें त्यानें सिद्ध केलें खरें. पण तें पिस्तूल होतें. एका हातानें चालणारें, बोल्टशिवायचें. शिवाय त्याला बदलण्यावांचून गतिच नव्हती. अर्जुन दोन्ही हातांनीं गांडीव ओढी म्हणून सव्यसाची, हेंहि आपण लहानपणापासून ऐकतों. तथापि धनुष्याला दोन्ही बाजू सारख्या असतात, ही गोष्ट आपण विसरतों. अर्जुनाच्या हातीं उजव्या बोल्टची रायफल असती तर त्याला ती पदवी मिळाली असती कीं नाहीं, याची मला शंका आहे.

डाव्या खांद्याचा निर्णय झाल्यावर रायफलीकडे वळावें, आणि प्रथम पहावा तो दस्ता. निशाणाच्या रायफलीचा दस्ता तळहाताच्या आकाराचा कोरलेला, गालासाठीं एका अंगाला उंचवटा दिलेला असतो. उजव्या हातासाठीं कोरलेला दस्ता डाव्या हातांत चुकीच्या पायांतील जोड्यासारखा बसतो. गाल रोज थोडा वेगळा टेकतो, म्हणून डोळा रोज थोडा वेगळ्या जागीं येतो, आणि गोळ्या कां पसरतात याचा उलगडा होत नाहीं. डाव्या दस्त्यावर मी एक पैहि कमी करणार नाहीं. उजव्याच बोल्टचा सांगाडा डाव्या किंवा दोन्ही अंगांनीं सारख्या दस्त्यांत बसवून आरंभीं काम भागवितां येतें. दोन्ही डोळ्यांवर चष्मा किंवा संरक्षक कांच मात्र अशा वेळीं अवश्य हवी; कारण काडतुसाचें बूड क्वचित् फुटलें तर वायु उजव्या अंगाच्या खिडकींतून बाहेर पडतो, आणि डाव्या खांद्यावाल्याचा चेहरा त्याच बाजूला असतो. तोड्याच्या बंदुकीच्या रंजकापासून ही एक गोष्ट बदललेली नाहीं.

बोल्टचें काय? ज्याला रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून बार करावयाचे आहेत त्याला उजवा बोल्ट अडचणीचा नाहीं, किंबहुना सोईचा आहे. ओझें पिशवीवर असतें, उजवा हात मोकळा असतो; त्यानें दांडी चालवावी आणि डावा हात चापावरून हलूंच नये. परंतु स्पर्धेंतील मुलाची स्थिति निराळी. तीन आसनांच्या स्पर्धेंत गुडघ्यावर, पालथें पडून आणि उभ्यानें असे वीस-वीस बार, म्हणजे पहिल्या फेरींत साठ. गुडघ्यावर बसतांना आणि पालथें पडतांना पुढचा हात चामड्याच्या पट्ट्यानें रायफलीशीं जखडलेला असतो. तोच तर त्या आसनाचा आधार. डाव्या खांद्याच्या नेमबाजाचा असा जखडलेला हात उजवा. तो दांडीपर्यंत पोंचूं शकत नाहीं. मग दर बारानंतर डाव्या हातानें पाठीवरून पलीकडे जावयाचें, गाल उचलावयाचा, आसन ढळूं द्यावयाचें आणि तें पुन्हां जुळवावयाचें; साठ वेळां. स्पर्धेंत एका दशांश गुणानें माणूस वर किंवा खालीं जातो. तेव्हां या मुलासाठीं डावा बोल्ट ही चैन नव्हे.

अडचण पैशाची आणि परवान्याची आहे. बावीस मापाच्या रायफलीला १९५९ च्या हत्यार कायद्याखालीं परवाना लागतो, चांगल्या रायफली परदेशांतून येतात, आणि डाव्या बोल्टची रायफल पुढें विकावयाची झाली तर गिऱ्हाईक दहांत एक. म्हणून पहिलीं दोन-तीन वर्षें हवेच्या रायफलीवर, दहा मीटरच्या निशाणावर काढावींत, असें मी सुचवीन. तेथें प्रत्येक छर्ऱ्यामागें बोल्टची घाई नसते, खांदा पक्का होतो, आणि मुलाची हौस टिकते कीं नाहीं तेंहि कळतें. एवढ्या अवधींत आईबापांनीं आखाड्याच्या चालकांना एक गोष्ट विनयानें विचारीत राहावें: आपल्या संस्थेच्या कपाटांत दहा रायफली असतील, तर त्यांतील एक डाव्या दस्त्याची कां असूं नये?